माईक कोणाच्या हातात

उत्तर मलावीतल्या ज्या छोट्या ख्रिस्ती रेडिओ केंद्रात मी काम केलं, तिथला सगळ्यात जास्त ऐकला जाणारा कार्यक्रम उपदेशाचा नव्हता, गीतांचाही नव्हता. तो मयतीच्या निरोपांचा होता. पहाटे, दुपारी जेवणाच्या सुमारास आणि रात्री, असा दिवसातून तीनदा तो लागे. अमुक गावचे अमुक वारले, दफन उद्या दुपारी, निरोप लिलाँग्वेतल्या थोरल्या मुलाला, ब्लँटायरच्या भाच्याला, जोहान्सबर्गच्या धाकट्या भावाला. निवेदक प्रत्येक नाव सावकाश आणि दोनदा वाचायचा. एखादं नाव राहिलं, तर दुसऱ्या दिवशी घरातली चार माणसं केंद्राच्या दारात उभी राहत.

आमचं केंद्र एफएमवर चालायचं. टेकडीवरच्या टॉवरवरून आवाज जेमतेम आसपासच्या खोऱ्यांत पोचायचा. जोहान्सबर्गला तो जाणं शक्य नाही हे निरोप देणाऱ्यालाही ठाऊक असे. तरी नाव घ्यायचंच. परदेशी गेलेल्या माणसाचं नाव यादीतून गळलं म्हणजे घराने त्याला वगळलं, असा अर्थ गावात निघे. केंद्राची जबाबदारी असलेले पाळक सुरुवातीला कुरकुरत, की आपण शुभवर्तमान सांगायला बसलोय की पोस्टमनकी करायला? पण त्यांच्या सकाळच्या उपदेशाला जो श्रोता मिळायचा, तो याच निरोपांसाठी रेडिओ लावून बसलेला असायचा, हे त्यांनाही कळत होतं. निरोप संपले की लोक लगेच रेडिओ बंद करत नाहीत. एवढ्या एका गोष्टीवर त्यांच्या उपदेशाची वेळ ठरली होती.

मी मूळची नगरची. आमच्या घरात ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक येई, रविवारी ‘उपासना संगीत’मधली गीतं म्हटली जात आणि वडिलांना रात्री शॉर्टवेव्ह धुंडाळायचा नाद होता. त्या खरखरीतून कधी कधी हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरून येणारं ‘फेबा’ या ख्रिस्ती केंद्राचं हिंदी प्रसारण सापडायचं. १९७० पासून २००३ पर्यंत ते केंद्र भारताकडे आणि पूर्व आफ्रिकेकडे आलटून पालटून तोंड करून बोलत होतं. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. पुढे मी आकाशवाणीत ध्वनिमुद्रणाचं काम केलं आणि उतारवयाकडे झुकताना चर्चच्या देवाणघेवाणीतून मलावीला गेले, तिथल्या मुलामुलींना मुद्रण आणि संपादन शिकवायला. तिथे सगळे मला ‘अमामा’ म्हणायचे, म्हणजे आई. पाळकांना ‘अबुसा’, आजीला ‘अगोगो’. नावाने हाक मारायचा प्रश्नच नव्हता, तो प्रकार मला घरच्यासारखाच होता.

आफ्रिकेतल्या ख्रिस्ती रेडिओविषयी मी आधी वाचलं होतं ते सगळं मोठ्या यंत्रांबद्दल होतं. लायबेरियातल्या मन्रोव्हियाजवळ १९५४ मध्ये सुरू झालेलं ‘ईएलडब्ल्यूए’. आदिस अबाबात १९६३ मध्ये लुथरन मंडळ्यांनी उभारलेलं ‘रेडिओ व्हॉइस ऑफ द गॉस्पेल’, ज्याच्या उद्घाटनाला खुद्द सम्राट हैले सेलासी आले होते. १९७४ मध्ये स्वाझीलँडमधून बोलू लागलेलं ‘ट्रान्स वर्ल्ड रेडिओ’. शॉर्टवेव्हची लहर आकाशातल्या थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरते, त्यामुळे एकाच टॉवरवरून आता शोना, मग चिचेवा, मग मलागासी, असं चालू शकायचं. यादी लांबलचक दिसायची, पण एकेका भाषेच्या वाट्याला दिवसाकाठी पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास येई. श्रोत्याचं पत्र केंद्रात पोचायला आठवडे लागत आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत कार्यक्रमाची मालिका पुढे गेलेली असे.

या इतिहासातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे आदिस अबाबाच्या केंद्राचा शेवट. १९७७ च्या मार्चमध्ये इथिओपियाच्या लष्करी राजवटीने ते ताब्यात घेतलं. एका दिवसात टॉवर, ट्रान्समीटर, इमारती सगळं गेलं. पण या केंद्राने पहिल्यापासून एक गोष्ट वेगळी केली होती. कार्यक्रम सगळे आदिस अबाबात बनत नसत. फुलानी भाषेचा स्टुडिओ कॅमेरूनमधल्या न्गाउंडेरेला होता, हौसा भाषेचा नायजेरियातल्या जोसला, स्वाहिलीचा टांझानियात मोशीला. तिथली माणसं तिथेच मुद्रण करत आणि टेप विमानाने पाठवत. टॉवर गेल्यावरही न्गाउंडेरेचा ‘सावतु लिंजीला’ स्टुडिओ बंद पडला नाही. दुसऱ्यांच्या ट्रान्समीटरवर वेळ घेऊन फुलानी कार्यक्रम चालू राहिले. लायबेरियातलं केंद्रही १९९० च्या यादवीत उद्ध्वस्त झालं, उभं राहिलं, १९९६ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त झालं आणि पुन्हा उभं राहिलं. कार्यक्रम करणारी माणसं जागेवर असली की यंत्र परत मिळवता येतं, हे या दोन्ही ठिकाणांनी दाखवलं.

मलावीत मात्र भाषेचाच घोळ होता. रेडिओ हा तिथे नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आजच्या झांबियातल्या लुसाकाहून आफ्रिकी भाषांत प्रसारण सुरू झालं, आणि १९४९ मध्ये ‘सॉसपॅन स्पेशल’ नावाचा बॅटरीवर चालणारा स्वस्त रेडिओ बाजारात आला. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याच्या साच्यातून त्याचं गोल अंग बनवलेलं, म्हणून ते नाव. स्वातंत्र्यानंतर १९६८ मध्ये हेस्टिंग्ज बांडा यांच्या सरकारने चिचेवा ही एकच राष्ट्रभाषा ठरवली. उत्तरेकडची तुंबुका भाषा शाळेतून गेली, रेडिओवरूनही गेली. १९९४ मध्ये बहुपक्षीय निवडणूक होऊन बांडा पायउतार झाले, त्यानंतर सरकारी रेडिओवर तुंबुका, याओ, लोम्वे, सेना या भाषांतल्या बातम्या परतल्या. १९९८ च्या कायद्याने खासगी आणि चर्चच्या केंद्रांना परवाने मिळण्याची वाट मोकळी झाली. मधल्या पाव शतकाहून जास्त काळात तुंबुका मुद्दाम आणि रोज चारचौघांत वापरली जात होती ती मुख्यतः उपासनेत. म्हणून तिथे चर्चने तुंबुका रेडिओ काढला, तेव्हा त्याकडे लोक केवळ धर्माचं काम म्हणून बघत नव्हते. ऐकायला बसणाऱ्यांत चर्चशी काही संबंध नसलेले कितीतरी लोक असत.

असं असूनही आमच्या केंद्रात पहिला अडथळा आला तो भाषा अगदी शुद्ध असलेल्या कार्यक्रमाचा. परदेशातून आलेली शास्त्राभ्यासाची एक मालिका होती. संहिता इंग्रजीत, ती एका निवृत्त शिक्षकाने काळजीपूर्वक तुंबुकात आणलेली, वाचणारा तरुण स्पष्ट उच्चारांचा. तांत्रिक बाजूने त्यात खोट काढायला जागा नव्हती. बाहेरच्या मंडळींनी पैसे दिले होते, अहवालात ‘स्थानिक भाषेत इतके भाग’ असं लिहिता येत होतं. आम्ही ते भाग घेऊन एका गावातल्या श्रोता मंडळात बसलो. उमन्यानो, म्हणजे चर्चच्या स्त्रियांचा संघ, त्यातल्या दहा-बाराजणी, पाठीला बांधलेली पोरं आणि मध्ये सौर पट्टीवर चालणारा रेडिओ. भाग संपल्यावर मी विचारलं, कसा वाटला? बायकांनी खूप चांगला म्हणून सांगितलं. शेजारच्या अगोगो मात्र म्हणाल्या, पोरगा छान वाचतो, पण तो आमच्याशी नाही बोलत, कागदाशी बोलतो.

त्यानंतर आम्ही उलटीकडून सुरुवात केली. शास्त्रपाठ वाचायचा, यंत्र चालू ठेवायचं आणि गप्प बसायचं. पहिल्यांदा पेरणाऱ्याचा दाखला घेतला. वाटेवर, खडकावर, काट्यांत बी टाकणारा शेतकरी ऐकून बायका हसायलाच लागल्या. तिथे मका पेरत नाहीत, टोकतात. कुदळीने वरंबे करायचे आणि अंतर मोजून एकेक खड्ड्यात दाणे टाकायचे. संकरित बियाण्याची पिशवी विकत आणलेली असते, तिच्यातला एक दाणा वाटेवर पडला तरी बाई वाकून उचलते. मग बोलणं बियाण्यावरून खताच्या कुपनांवर गेलं. २००५ पासून सरकार गरीब शेतकऱ्यांना सवलतीत खत आणि बी देत होतं. कुपनं कुणाला मिळाली, मुखियाच्या नातलगांना कशी आधी मिळाली, कुणाचं शेत खडकासारखं पडून राहिलं, हे सगळं त्या दाखल्यात येऊन बसलं. शेवटी एकजण म्हणाली की असं दिसतंय की देव कुपनं बघून बी टाकत नाही. पाळकांनी नंतर तो भाग ऐकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, हा उपदेश मला सुचला नसता.

तो भाग जसाच्या तसा लावायचा का, यावर केंद्राच्या मंडळाची बैठक झाली. कुणाचं नाव घेऊन आरोप झाला की मुखिया दारात येणार, आणि केंद्राचा परवाना तर सगळ्यांचाच आहे. मी माझं मत दिलं नाही, कारण त्या गावात उद्या मला राहायचं नव्हतं. शेवटी नावं काढायची, बाकी ठेवायचं, असं ठरलं. कात्री कुठे लावायची ते उमन्यानोच्या दोघींनी स्टुडिओत येऊन बसून ठरवलं. तोपर्यंत त्यांच्यापैकी कुणी संपादनाच्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे तरी काय, पत्र्याच्या छपराखालची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे आणि त्यांच्यावर चितेंजे, म्हणजे बायका नेसतात ती छापील कापडं, ताणून लावलेली. डिसेंबर ते मार्च पावसाळा. सर आली की पत्र्यावर असा आवाज होई की मुद्रण थांबवून चहा घ्यायचा एवढंच हातात राही. देशातली बहुतेक वीज शिरे नदीवरच्या जलविद्युत केंद्रांतून येते, नदी मलावी सरोवरातून निघते, आणि सरोवराची पातळी खाली गेली की आमच्याकडे अंधार. त्या वर्षांत वीज तासन्‌तास जायची. जनरेटरला डिझेल परवडेल तेवढेच तास आम्ही बोलायचो. म्हणून बाहेर, अंगणात मुद्रण करायची सवय लागली. मागे कोंबडे, शेळ्या, मक्याचं पीठ कांडल्याचा आवाज. आकाशवाणीच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्या कानाला आधी ते खुपायचं. पण श्रोत्यांचे फोन येत ते त्याच भागांवर. कोंबड्यावरून गाव ओळखल्याचं सांगणारेही होते.

सगळ्यात लांबलेला वाद मात्र ढोलाचा. केंद्राची ओळखधून बदलायची होती. तरुण मुलांना त्यात ढोल हवा होता. वडीलमंडळी अडून बसली. तुंबुका लोकांत विंबुझा नावाचं उपचाराचं नृत्य आहे. ढोल वाजतात, आजारी माणसाच्या अंगातल्या आत्म्यांना नाचवून शांत करतात. २००८ मध्ये त्याचा युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, पण मिशनऱ्यांच्या काळापासून चर्चने त्याला दूर ठेवलं होतं. गाणी मात्र दूर ठेवली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोनाल्ड फ्रेझर या स्कॉटिश मिशनऱ्याने स्थानिक चालींवर गीतं रचायला उत्तेजन दिलं होतं, आणि मावेलेरा टेंबो यांच्यासारख्या रचनाकारांची न्गोनी समाजाच्या वळणाची गीतं तिथे अजून गातात. म्हणजे चाल आपली चालते, पण वाद्य नाही, अशी ती रेषा होती.

मला वाटलं, इथे आपल्याकडे सांगण्यासारखं आहे. मी त्यांना नारायण वामन टिळकांबद्दल सांगितलं. ख्रिस्ताची भक्ती अभंगात आणि कीर्तनात आणणारा कवी, टाळ-मृदंगावर होणारं ख्रिस्ती कीर्तन, आणि ते ऐकून सुरुवातीला नाक मुरडणारे लोक. वृद्ध पाळकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अमामा, तुमचा तो टाळ वाजला की कुणाच्या अंगात येतं का?” मी नाही म्हटलं. ते म्हणाले, “आमच्या ढोलाने येतं.” यावर मला पुढे बोलता येईना. संबळ वाजायला लागल्यावर अंगात येणारी माणसं मी नगर जिल्ह्यातच पाहिली होती. टिळकांनी टाळ घेतला, संबळ घेतला नाही, हे माझ्या तोपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. घरचं काय घ्यायचं आणि काय नाही, याची निवड आमच्याकडेही झालीच होती. ती आमच्या माणसांनी केली होती, म्हणून मला दिसत नव्हती.

तो वाद अनेक बैठका चालला आणि सगळा तुंबुकात चालला. मला कुणीतरी मधूनमधून चार वाक्यांत गोषवारा सांगे. शेवटी धून झाली ती उमन्यानोच्या गायिकांची. मातीच्या जमिनीवर टाचा आपटत, टाळ्यांच्या ठेक्यावर. ढोल नाही, पण ठोका आहे. तरुणांना ती पुरती पटली नाही, वडिलांनाही नाही, आणि तरीही ती बंद करा असं कुणी म्हणालं नाही.

पैशाचा प्रश्न या सगळ्यापेक्षा कठीण होता, कारण तिथे वाद घालायला वेळ मिळत नाही. मयतीच्या निरोपांची छोटी फी, आरोग्य आणि शेती प्रकल्पांनी विकत घेतलेले कार्यक्रम, मंडळ्यांच्या देणग्या, यावर केंद्र चाले. मोठी रक्कम रोख घेऊन येणारे असत ते फिरते प्रचारक. त्यातल्या एकाने आठवड्याचा तास विकत घेतला. पैशातून महिन्याचं वीजबिल भागणार होतं. दुसऱ्याच कार्यक्रमात त्याने सांगितलं की विश्वास असेल त्याला गोळ्यांची गरज नाही. मलावीत २००४ पासून एचआयव्हीची औषधं सरकारी योजनेतून मोफत मिळू लागली आणि त्यांनी गावंच्या गावं वाचवली. कार्यक्रम चालू असतानाच जवळच्या दवाखान्यातल्या परिचारिकेचा फोन आला. ती रडत नव्हती, संतापली होती. पाळकांनी तो तास तिथेच थांबवला, उरलेले पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्या परिचारिकेला माईकसमोर बसवलं. औषध बंद करायला सांगणारा कुठलाही दावा प्रसारित होणार नाही, असा नियम भिंतीवर लागला. त्या महिन्यात जनरेटर बराच काळ बंद राहिला. प्रचारकाचा कार्यक्रमही तुंबुकातच होता, हे इथे सांगायला हवं. भाषेने त्याला कसलाही अडसर घातला नाही. त्याला थांबवता आलं ते परिचारिकेकडे फोन होता आणि तो उचलणारा माणूस केंद्रात होता म्हणून.

गेल्या काही वर्षांत फोनने आणखी एक दार उघडलं. उत्तर मलावीतल्या म्झिंबा भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जात आली आहेत. त्या भरतीला लोक ‘वेनेला’ म्हणत. १९७४ मध्ये खाणकामगारांना नेणारं विमान बोट्सवानातल्या फ्रान्सिसटाउनला कोसळलं, कितीतरी मलावी माणसं गेली आणि बांडांनी भरती थांबवली. पण लोक आपल्या वाटेने जातच राहिले. आता तिकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप येतात. आम्ही शनिवारी रात्री ते लावू लागलो. मंडळीची खबर, आईला पैसे मिळाले का, धाकट्याने शाळा सोडू नये, आणि शेवटी एखादं गीत, खोलीतल्या चौघांच्या आवाजात. केंद्राचा आवाज जोहान्सबर्गला जात नव्हता, तिकडचा आवाज इकडे येऊ लागला. मुद्रणाचा दर्जा भयंकर. एका तंत्रज्ञाने मला विचारलं, हे खरंच प्रसारित करायचं? मी त्याला आकाशवाणीतल्या माझ्या गुरूंचे नियम सांगू शकले असते. त्याऐवजी मी त्याला खरखर थोडी कमी कशी करायची ते दाखवलं.

परतल्यावर पुण्या-नगरकडच्या मंडळ्यांत मला बोलावतात. आदिवासी भागात रेडिओ किंवा फोनवरून ऐकवायचे कार्यक्रम करायचे आहेत, कोरकूत, भिलीत, पावरीत. प्रश्न ठरलेले असतात. किती भाषा घ्याव्यात, संहिता कुणाकडून भाषांतरित कराव्यात, कुठलं यंत्र स्वस्त पडेल. यंत्रांची माहिती मी देते, ती सोपी आहे. भाषांच्या आकड्याने मला आता फारसं काही कळत नाही. म्हणून मी उलट विचारते, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता काय लावायचं, कुठला भाग कापायचा आणि कुणाचे पैसे परत करायचे, हे कोण ठरवणार? नाव आणि गाव सांगा. बऱ्याचदा पुण्यातल्या एखाद्या समितीचं नाव येतं. मग मी म्हणते, अजून थांबा. ज्या दिवशी त्याच डोंगरातल्या एखाद्या बाईचं नाव येईल, आणि तिला ‘नाही’ म्हणायचा अधिकारही दिलेला असेल, त्या दिवशी वीज आणि पैसा कमी असला तरी सुरुवात करायला हरकत नाही.